कार्डाची डावी बाजू

चौकशी अधिकाऱ्यांपुढे मी दिलेली साक्ष टाईप केल्यावर सव्वा पान भरली. खाली माझी सही आहे. त्या साक्षीत एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तिने एका माणसाची नोकरी घालवली. आज मी एक्याऐंशी वर्षांचा आहे. ज्याची नोकरी गेली तो आता हयात नाही, चौकशी करणारे अधिकारीही नाहीत. हे आता लिहिल्याने माझं काही बिघडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. बिघडण्यासारखं होतं तेव्हा मी लिहिलं नाही.

भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात आम्ही दोघे तपासणी विभागात होतो. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी टाक्या बनायच्या तिथे, माणूस आत उभा राहील एवढ्या. जाड पत्रे वेल्डिंगने सांधलेले असत. तपासणाऱ्याने टाकीच्या चारही बाजूंनी फिरून प्रत्येक जोड बघायचा, बोटाने चाचपायचा, आणि फट किंवा बारीक भोक दिसलं की त्याभोवती खडूने गोल काढायचा. मग कार्ड भरायचं. कार्डावर टाकीच्या प्रत्येक बाजूचं छोटं चित्र छापलेलं असे आणि त्यावर जोडांचे क्रमांक. जोड बघून झाला की त्या क्रमांकापाशी बरोबरची खूण करायची. शेवटी त्याची सही आणि त्याखाली माझी. म्हणजे त्याने टाकी बघायची आणि मी कार्ड बघायचं, अशी वाटणी होती. मी कार्डही बघत नसे. पाचच्या सुमाराला गठ्ठा टेबलावर यायचा आणि चहा थंड व्हायच्या आत माझ्या सह्या होऊन जायच्या.

तो नागपूरचा. हुद्द्याने मी त्याच्या एक पायरी वर होतो, पण वय सारखं आणि टाऊनशिपमध्ये आमची क्वार्टर्स एकाच ओळीत, त्यामुळे शॉपमध्ये, म्हणजे कामाच्या शेडमध्ये, ‘सर’ आणि घरी ‘काय बे’. वेल्डर लोक त्याच्या खडूला घाबरायचे. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही ते त्याला दिसायचं. एकदा त्याने एका टाकीवर सतरा गोल काढले तेव्हा वेल्डर म्हणाला होता, साहब, टंकी पास कर रहे हो या रांगोली बना रहे हो. तो हसला आणि त्याने अठरावा गोल काढला.

एका उन्हाळ्यात सकाळी न्हाणीत त्याला चक्कर आली. दोन-तीन दिवस डावा हात जड वाटत होता. ब्लडप्रेशर निघालं, गोळ्या सुरू झाल्या, आठवडाभर तो घरी होता. डॉक्टरांनी अजून काही दिवस थांबायला सांगितलं, तर यानेच त्यांना समजावलं की मला काही झालेलं नाही. समजावण्यात तो पटाईत होता. परत आला तेव्हा बोलणं पूर्वीसारखंच धारदार. मीटिंगमध्ये मुद्देसूद बोलायचा, जुन्या ऑर्डरींचे नंबर पाठ म्हणायचा, कँटीनमध्ये लोकांच्या नकला करायचा. याला काही झालं होतं असं कुणी म्हणालं नसतं. कुणी म्हणालंही नाही.

बारीकसारीक गोष्टी मात्र व्हायला लागल्या. डाव्या गालावर दाढी तशीच राहायची, तेव्हा कँटीनमध्ये कुणीतरी विचारलं, बाकीची दाढी सेकंड शिफ्टला का? घरी जाताना आमच्या ओळीत वळण्यासाठी डावीकडे वळावं लागे. तो सरळ पुढे निघून जायचा आणि बऱ्याच वेळाने उलट्या बाजूने, उजवीकडे वळत वळत यायचा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, माझ्या बायकोपाशी कुरकुर करायच्या की यांना आता घरी यायचाही कंटाळा येतो. आम्ही सगळ्यांनी असंच धरलं की आजारपणानंतर माणूस जरा आळसावलाय, लहरी झालाय.

मग पावसाळा संपता संपता तक्रार आली. आम्ही पास करून पाठवलेली एक टाकी लांबच्या वीज केंद्रावर पोचली, तिच्यात तेल भरलं आणि ती गळायला लागली. चारही बाजूंना, आणि प्रत्येक बाजूच्या डाव्या जोडातून. त्या टाकीचं कार्ड वरिष्ठांनी मागवून घेतलं. कार्डावर प्रत्येक चित्राच्या उजव्या अर्ध्यात व्यवस्थित खुणा होत्या आणि डावा अर्धा भाग कोरा. खाली दोन सह्या. मला लेखी ताकीद मिळाली की सही करण्याआधी कार्ड वाचावं. त्याला चार्जशीट मिळालं: न तपासता माल पास केला.

चार्जशीट वाचून तो संतापला. मी चारही बाजू बघितल्या, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. तो खोटं बोलत नव्हता, आणि तीच पंचाईत होती. कार्ड समोर धरलं तरी तो म्हणायचा, भरलंय की सगळं.

त्याच आठवड्यात त्याच्या घरी सत्यनारायण होता. हे संकट टळावं म्हणून वहिनींनी घातला होता. पुढच्या खोलीत पुरुषांची पंगत बसली, मी त्याच्या शेजारी. वहिनी रीतीप्रमाणे वाढणाऱ्या: वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाजी, आमटी, मधे भात. तो बोलता बोलता भरभर जेवत होता. भाजी संपली, पुन्हा घेतली. आमटी संपली, पुन्हा घेतली. भाताचा उजवा अर्धा ढीग संपला आणि डावा कापल्यासारखा उभा राहिला. चटणी, कोशिंबीर, लोणचं, कशाला बोटही लागलं नव्हतं. तुलसीनगरहून वहिनींचे भाऊ आले होते. ते म्हणाले, काय हो, आमच्या बहिणीच्या हातची कोशिंबीर आवडत नाही वाटतं. वहिनींचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, महिनोन् महिने असंच चाललंय, मी केलेलं अर्धं टाकतात.

मी गंमत म्हणून हात पुढे केला आणि त्याचं ताट अर्धं फिरवलं. डावं उजवीकडे आलं.

त्याने खाली बघितलं. “अरे, कोशिंबीर आहे? मग आधी काहून नाही वाढली?” असं म्हणून त्याने ती सगळी खाल्ली, चटणी खाल्ली, उरलेला भात संपवला, आणि वर बघून म्हणाला, “काहून हसता बे सगळे?”

सगळे हसत होते. मी हसत नव्हतो. मला ते कार्ड दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शॉपमध्ये गेलो. बऱ्याच महिन्यांनी टाक्यांजवळ गेलो असेन. आदल्या शनिवारी त्याने बघितलेली एक टाकी उभी होती. पुढून बघितलं तर खडूचे गोल फक्त उजव्या अर्ध्यावर. वळसा घालून मागे गेलो, तिथेही उजव्या अर्ध्यावर. चारही बाजूंना तेच, जणू मधोमध रेघ आखलेली. जवळच एक म्हातारा वेल्डर बिडी ओढत बसला होता. मी काही विचारलं नाही, तरी तो म्हणाला, “साहब तो कब से आधी टंकी ही देख रहे हैं. हम समझे, ऊपर से कोई हुकुम आया होगा.”

मी माझ्या खोलीत येऊन कपाट उघडलं. उन्हाळ्यापासूनची त्याची सगळी कार्डं तिथे होती. एकेक काढून बघितलं. डावी बाजू कोरी. पुढचं कार्ड, डावी बाजू कोरी. प्रत्येकाखाली माझी सही.

इथे मला सावकाश लिहायला हवं, कारण एवढ्याच जागेवर मी आयुष्यभर घाई केली आहे. त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला दोन गोष्टी कळल्या. पहिली ही, की हा माणूस निष्काळजी नाही, आजारी आहे. त्याच्या डोक्यात असं काहीतरी झालंय की डावीकडचं जग त्याला नाहीच, आणि ते नाही हेही त्याला कळत नाही. या आजाराचं नाव मला माहीत नव्हतं. नावाची गरजही नव्हती, मी माझ्या हाताने ताट फिरवून बघितलं होतं. दुसरी गोष्ट अशी, की तो आजारी आहे असं सिद्ध झालं तर तो उन्हाळ्यापासून आजारी आहे असं सिद्ध होणार. मग हे कपाट उघडणार. एका कार्डावर न वाचता सही केली तर ताकीद मिळते. चार महिने रोज केली तर चार्जशीट मिळतं. माझी बढती होऊ घातली होती.

पुढच्या रविवारी दुपारी, कारखाना बंद असताना, मी शॉपमध्ये गेलो आणि कार्डांच्या कोऱ्या बाजूंवर बरोबरच्या खुणा केल्या. त्याच्याच पेनसारखं निळं पेन घेतलं होतं. ज्या टाक्या अजून शॉपमध्ये होत्या त्या काही ना काही कारण काढून पुन्हा तपासून घेतल्या. ज्या गेल्या होत्या त्या गेल्या होत्या.

चौकशीच्या वेळी त्याने स्वतःची बाजू स्वतःच मांडली. अर्धा तास इंग्रजीत बोलला, एकदाही न अडखळता. तारखा, नियम, तपासणीची पद्धत, सगळं चोख. चौकशी अधिकारी सज्जन गृहस्थ होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा कठोर होत गेला ते मी बघितलं. एवढा हुशार, एवढा सावध माणूस अर्धी टाकी चुकून सोडेल कशी? म्हणजे मुद्दाम सोडली. तो जितकं चांगलं बोलत होता तितका गुन्हेगार ठरत होता. त्याची जीभ जड झाली असती, तोंड वाकडं झालं असतं, तर त्याच अधिकाऱ्यांनी उठून त्याला खुर्ची दिली असती. आपल्या कचेऱ्यांत माणसाची प्रकृती म्हणजे त्याचं बोलणं. जो बोलतो तो धडधाकट.

मग मला बोलावलं. त्यांनी मला नीट, माणुसकीने विचारलं: तुम्ही त्यांचे वरिष्ठ आहात, शेजारी आहात. अलीकडे त्यांच्या तब्येतीत, वागण्यात काही वेगळं आढळलं का? कामावर किंवा घरी?

म्हणजे दार उघडून दिलं होतं. एवढंच सांगायचं होतं की साहेब, यांच्या समोर ताट ठेवा आणि बघा.

मी म्हणालो की उन्हाळ्यात त्यांना चक्कर आली होती, ते आठवडाभर रजेवर होते आणि बरे होऊन परत आले. बोलण्यात, स्मरणशक्तीत मला काही फरक जाणवला नाही. ते विभागातले सर्वांत अनुभवी तपासनीस आहेत आणि त्यांच्या कामाबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे. मी हे सगळं म्हणालो, आणि ते सगळं खरं होतं. आदर खराच वाटत होता.

त्याला सक्तीने निवृत्त केलं. क्वार्टर सोडावं लागलं. अयोध्यानगरच्या बाजूला तेव्हा नवी वस्ती होत होती, तिथे दोन खोल्या घेऊन ते राहायला गेले. मुलगा शाळेत होता. टाऊनशिपमधली पोरं त्याला म्हणायची, तेरे पापा को कामचोरी में निकाला ना. ट्रक भरला जात होता त्या सकाळी मी उभा होतो, न जाणं वाईट दिसलं असतं म्हणून. त्याने माझे दोन्ही हात धरले. “अख्ख्या कारखान्यात तू एकटा माझ्याबद्दल चांगलं बोललास बे,” तो म्हणाला. “मी विसरणार नाही.” बाकी सगळ्यांनी मिळून आपल्याला अडकवलं असं त्याला वाटत होतं. शेवटपर्यंत वाटत राहिलं. चार वर्षांनी दुसरा झटका आला आणि तो गेला. तोवर मला बढती मिळाली होती.

यानंतरची बरीच वर्षं सांगण्यासारखी नाहीत. मी निवृत्त झालो, आम्हीही टाऊनशिप सोडली. मग माझ्या बायकोला झटका आला. तिचा मेंदू डाव्या बाजूला दुखावला होता. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द येत नसे. ओळखीची माणसं रांग लावून आली, डबे आले, लोक तिचा हात हातात घेऊन रडले. मी कोपऱ्यात बसून ते बघत होतो आणि माझ्या मनात दुसऱ्याच घरातल्या झटक्याचा हिशेब चालू होता.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर मेंदूचं चित्र काढून मला समजावलं. बहुतेक माणसांत बोलणं, वाचणं, शब्द जुळवणं हे मुख्यतः डाव्या अर्ध्याचं काम. उजवा अर्धा आजूबाजूची जागा सांभाळतो: काय कुठे आहे, कुठे लक्ष द्यायचं. दोन्ही अर्धे एकमेकांशी जोडलेले असतात, कामं अगदी वेगळी अशी नसतात, पण भार कमीजास्त असतो. मी विचारलं, आणि उजव्या अर्ध्याला लागलं तर? त्या म्हणाल्या, मग पेशंट पुष्कळदा छान बोलतो, पण डावी बाजू त्याच्या लक्षातून जाते. डोळे चांगले असतात, तरी तिकडे काही आहे हेच त्याला वाटत नाही. आणि आपल्याला काही झालंय हे तो मान्यही करत नाही. हट्टाने नव्हे, त्याला खरंच कळत नाही. “घरच्यांना माहीत असलं की पुष्कळ फरक पडतो, काका. वळून बघायची सवय लावता येते, डावीकडे ठळक खूण करून ठेवता येते. काहीजण तर बरेच सुधारतात.” मग त्यांनी विचारलं, तुमच्या ओळखीत कुणाला झालं होतं का?

मी नाही म्हणालो. तेव्हाही.

त्यानंतर मी ही सगळी हकीकत पहिल्यांदा कुणाला सांगितली असेल तर माझ्या बायकोला. एका दुपारी तिच्या पलंगाशी बसून सांगितली, ताटापासून निळ्या पेनापर्यंत. जिला उत्तर देता येत नव्हतं अशा माणसाची मी निवड केली, हे सांगताना माझ्या लक्षात आलं नाही; तिच्या आलं. तिने ऐकून घेतलं आणि मान भिंतीकडे वळवली. दोन वर्षांनी ती गेली. त्या दुपारनंतर माझ्या हातचं पाणी ती प्यायची, पण माझ्याकडे बघून नाही.

गेल्या हिवाळ्यात मी वहिनींकडे गेलो. त्या अजून त्याच दोन खोल्यांत राहतात. मुलगा पुण्याला नोकरीला आहे, दिवाळीला येतो. मी गेलो तेव्हा त्या मटार सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, “ताट फिरवलंत तेव्हा कळलं होतं तुम्हाला?”

“हो.”

“मग मला का नाही सांगितलंत? साहेबांना नका सांगू, भाऊजी. मला.”

मी म्हणालो की तुमच्याकडून ऑफिसात पोचलं असतं, अशी भीती वाटली.

त्यांनी एक शेंग उघडली, आत कीड होती, ती बाजूला टाकली. “त्या पंगतीत माझ्या भावासमोर माझा अपमान केला, असं मी धरून बसले,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या दिवसापासून चटणी, कोशिंबीर बंद केली. म्हटलं, टाकायचीच आहे तर करू कशाला. चार वर्षं वाढली नाही. गेले तोपर्यंत.” मग म्हणाल्या, “मुलगा बापाचं नाव काढत नाही. नोकरीचं विचारलं कुणी तर उठून जातो. तुम्ही हे लिहून द्या. तुमच्या सहीने. मी त्याला पाठवीन.”

चार दिवस खपून मी तीन पानं लिहिली आणि घेऊन गेलो. वहिनींनी चष्मा लावला, खिडकीपाशी बसल्या आणि शाळेतल्या बाईंसारखं बोट फिरवत वाचायला लागल्या. पहिल्याच पानावर बोट थांबलं.

“‘मला संशय आला होता,’ असं लिहिलंय.”

“हो.”

“संशय?”

मी पेन काढलं. ते शब्द खोडून ‘मला कळलं होतं’ असं केलं. त्या पुढे वाचत गेल्या. दुसऱ्या पानावर पुन्हा थांबल्या. “‘त्या काळी या आजाराची फारशी कुणाला माहिती नव्हती.’ हे काढा.”

“पण ते खरं आहे, वहिनी.”

“साक्षीतलंही सगळं खरंच होतं ना?”

मी रेघ मारली. पुढे ‘माझ्यावरही घरची जबाबदारी होती’ असं एक वाक्य होतं, त्यांचं बोट तिथे पोचायच्या आधी मीच ते खोडलं. असं करत करत एक पान उरलं. ते मी तिथेच बसून स्वच्छ अक्षरात उतरवलं आणि खाली सही केली. त्या कागदावर नावं आहेत. ही हकीकत सविस्तरही लिहिणार आहे म्हटल्यावर, त्यात कुणाचंच नाव घालू नका, असं त्यांनी बजावलं, म्हणून इथे नाहीत.

त्यांनी कागदाची घडी घातली, पाकिटात घातली, मुलाचा पत्ता स्वतः लिहिला. मी उठलो. पोस्ट ऑफिस माझ्या वाटेवरच होतं. मी विचारलं, पाकीट टाकत जाऊ का?

“नको,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे नाही देणार. मी जाईन.”